परिदंत ऊतींचे पुनर्जनन

परिदंत ऊतींचे पुनर्जनन म्हणजे हिरड्यांच्या दीर्घकालीन रोगामुळे नष्ट झालेल्या, दाताला आधार देणाऱ्या ऊती मूळच्या रचनेत आणि मूळचे कार्य करू शकतील अशा स्वरूपात पुन्हा तयार होणे. त्यासाठी केल्या जाणाऱ्या उपचारांनाही हीच संज्ञा वापरतात. या रोगाला दंतवैद्यकात परिदंतशोथ म्हणतात. बोलीभाषेत त्याला पायोरिया हे नाव आहे. रोग आटोक्यात आणणे आणि गेलेल्या ऊती परत मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुतेक रुग्णांत साध्य होते. दुसरी काही ठरावीक आकाराच्या हाडातील खड्ड्यांपुरती साध्य होते आणि तीही बहुधा अंशतः. हिरड्या व हाड ‘पुन्हा उगवण्याचा’ दावा करणारी चूर्णे, तेले आणि टूथपेस्ट बाजारात दिसतात. परंतु वरून लावण्याच्या अशा कोणत्याही पदार्थाने दाताभोवतीचे गेलेले हाड परत आल्याचे सिद्ध झालेले नाही.

परिदंत ऊती आणि त्यांचा नाश

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि ते ज्या कोटरात बसते त्याचे हाड यांच्यामध्ये ०.१५ ते ०.३८ मिलिमीटर रुंदीची फट असते. ही फट परिदंत बंधाने भरलेली असते. हा बंध कोलॅजेन तंतूंच्या जुडग्यांचा बनलेला असून तंतूंचे एक टोक हाडात, तर दुसरे टोक मुळावरील सिमेंटम नावाच्या पातळ, खनिजयुक्त थरात रुतलेले असते. रुतलेल्या या टोकांना शार्पीचे तंतू म्हणतात. चावताना पडणारा भार हा बंध पेलतो, घासात खडा आला तर त्याची जाणीव तत्काळ करून देतो आणि दात अत्यल्प प्रमाणात हलू देतो. बंध, सिमेंटम, कोटराचे हाड आणि या सर्वांवर आच्छादन असलेली हिरडी मिळून परिदंत ऊती होतात. पुनर्जननाच्या दृष्टीने यांतील बंध हा घटक सर्वांत महत्त्वाचा ठरतो. त्याचे कारण पुढे येईल.

निरोगी अवस्थेत हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोलीची चीर असते. या चिरेलगत जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचत राहिला की हिरडी सुजते व तिच्यातून रक्त येऊ लागते. प्लाकवर खनिजे बसून त्याचे कीटण बनते. या टप्प्यावर दात नीट स्वच्छ झाले तर हिरडी पूर्ववत होते. काही व्यक्तींमध्ये मात्र दाह खाली सरकतो, बंधाचे तंतू तुटतात, हाड झिजते आणि चिरेची जागा खोल कप्पा घेतो. दंतवैद्य त्याला पॉकेट म्हणतात. हाडाची ही झीज जिवाणू प्रत्यक्ष करत नाहीत. त्यांच्याविरुद्ध शरीराने चालवलेला दीर्घ दाहच ती मुख्यतः घडवून आणतो. त्यामुळे सारखाच प्लाक असलेल्या दोन माणसांच्या हाडांची अवस्था अगदी निराळी असू शकते. अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू हे दोन घटक या रोगाला विशेष पोषक ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात तीव्र परिदंत रोगाचे एक अब्जाहून अधिक रुग्ण आहेत.

हाड दोन प्रकारे झिजते. आडव्या झिजेत शेजारच्या अनेक दातांभोवतीची पातळी एकसारखी खाली जाते; नदीचे पाणी ओसरून घाटाच्या पायऱ्या उघड्या पडाव्यात तसे दृश्य क्ष-किरण चित्रात दिसते. उभ्या झिजेत एखाद्याच मुळालगत खोल खड्डा पडतो आणि त्याच्या सभोवती हाडाच्या भिंती शिल्लक राहतात. १९५८ मध्ये गोल्डमन आणि कोहेन या अमेरिकी दंतवैद्यांनी अशा खड्ड्यांचे, शिल्लक भिंतींच्या संख्येवरून, तीन, दोन आणि एक भिंतींचे असे वर्गीकरण केले. ते आजही वापरात आहे. एका बाजूला मूळ आणि उरलेल्या तीन बाजूंना हाड असलेला खड्डा भरून येण्यास सर्वांत अनुकूल असतो. आडव्या झिजेने गेलेले हाड परत आणण्याचा खात्रीचा मार्ग अद्याप सापडलेला नाही. बहुसंख्य रुग्णांमध्ये झीज याच प्रकारची असल्यामुळे, या विषयावर वाचताना ही मर्यादा प्रथम लक्षात घ्यावी लागते.

दुरुस्ती आणि पुनर्जनन यांतील फरक

कीटण काढून मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ केला, किंवा हिरडी शस्त्रक्रियेने उचलून तो स्वच्छ करून ती परत शिवली, तर जखम भरते, कप्प्याची खोली कमी होते आणि रक्त येणे थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला ऊती पुन्हा जुळल्या असेच वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वेगळे दिसते. केटन, न्यूमन आणि झँडर यांनी १९८० मध्ये माकडांवरील प्रयोगांत दाखवले, की अशा जखमेत हिरडीचा अभिस्तर, म्हणजे पृष्ठभागावरील पेशींचा थर, मुळाला लगटून खोलवर उतरतो. नवे सिमेंटम तयार होत नाही आणि त्यात रुतणारे तंतूही तयार होत नाहीत. हाड थोडेफार भरले तरी हाड आणि मूळ यांच्यामध्ये या अभिस्तराची पातळ पट्टी राहते. ही दुरुस्ती होय, पुनर्जनन नव्हे. दुरुस्ती निरुपयोगी मात्र नसते. स्वच्छता चांगली राखली तर अशी जोडणी अनेक वर्षे टिकते.

या फरकामुळे संशोधनात एक अवघड प्रश्न निर्माण होतो. खुणा असलेल्या बारीक सळईने कप्पा मोजला किंवा क्ष-किरण चित्र काढले, तरी भरलेल्या जागी अभिस्तराची पट्टी आहे की तंतूंचा बंध, हे त्यावरून कळत नाही. निर्णायक पुरावा मिळवायचा तर दात भोवतालच्या ऊतींसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. माणसांत हे केवळ एरवीही काढावयाच्या दातांबाबत आणि रुग्णाच्या संमतीने करता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी मुळावरील कीटणाच्या सर्वांत खालच्या पातळीवर एक खाच पाडून ठेवतात. पुढे त्या खाचेच्या वर नवे सिमेंटम, नवा बंध आणि नवे हाड अशी तिन्ही आढळली तरच पुनर्जनन मानले जाते. असे पुरावे मोजक्याच दातांबाबत उपलब्ध आहेत. शेकडो चाचण्यांतून जे ‘अमुक मिलिमीटर लाभ’ नोंदवले जातात ते अप्रत्यक्ष मोजमापाचे असतात, हे विसरल्यास उपचारांच्या यशाविषयी अवास्तव कल्पना होते.

पेशींची शर्यत

या क्षेत्रातील विचाराला वळण देणारा लेख टोरँटो विद्यापीठातील अँथनी मेल्चर यांनी १९७६ मध्ये लिहिला. शस्त्रक्रियेनंतर स्वच्छ केलेल्या मुळाच्या पृष्ठभागाकडे चार ठिकाणांहून पेशी येऊ शकतात: हिरडीचा अभिस्तर, हिरडीतील संयोजी ऊती, हाड आणि परिदंत बंध. यांपैकी कोणत्या पेशी मुळावर प्रथम ठाण मांडतात त्यावर तेथे कोणत्या प्रकारची जोडणी होईल हे ठरते, असे त्यांनी मांडले. नवी जोडणी निर्माण करण्याची क्षमता केवळ बंधातील पेशींत असावी, हा त्यांचा तर्क होता. तोपर्यंत हाड भरणे हेच मुख्य उद्दिष्ट मानले जात असे. मेल्चर यांच्या मांडणीनंतर प्रश्नच बदलला: खड्ड्यात काय भरावे यापेक्षा तेथे कोणाला येऊ द्यावे आणि कोणाला रोखावे, हा विचार पुढे आला.

या तर्काची कसोटी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे लागली. थोर्किल्ड कारिंग, स्टुरे न्यूमन आणि यान लिंडे यांनी १९८० मध्ये रोगग्रस्त दातांची मुळे स्वच्छ करून ती श्वानांच्या जबड्यातील हाडात अशी बसवली, की मुळाशी फक्त हाडाचा संबंध येईल. नवी जोडणी झाली नाही. हाड मुळाला थेट चिकटले आणि मूळ झिजू लागले. दुसऱ्या प्रयोगात मुळांचा संबंध हिरडीच्या संयोजी ऊतींशी आणला. तेथेही मूळ झिजले आणि तंतू सिमेंटममध्ये रुतले नाहीत. म्हणजे हाडाच्या पेशी आणि हिरडीच्या संयोजी पेशी या दोन्ही मुळाच्या दृष्टीने घातकच ठरल्या. अशा जखमांत सहसा मुळाची झीज का होत नाही, याचे उत्तरही यातून मिळाले. अभिस्तर इतक्या वेगाने खाली उतरतो की तो मुळावर आच्छादन घालून इतर पेशींपासून त्याचे रक्षण करतो. ज्याला पुनर्जननातील अडथळा म्हणतात तोच अभिस्तर अशा रीतीने शरीराचा संरक्षक उपायही आहे.

१९८२ मध्ये याच गटाने माकडांमध्ये मूळ आणि हिरडी यांच्यात बारीक छिद्रांचे गाळणपटल बसवून अभिस्तर व संयोजी पेशी दोघांनाही बाहेर ठेवले. मुळावर नवे सिमेंटम आणि त्यात रुतलेले तंतू तयार झाले. त्याच वर्षी हा प्रयोग एका माणसाच्या खालच्या जबड्यातील, काढून टाकायच्या ठरलेल्या एका दातावर करण्यात आला. तीन महिन्यांनी तो दात ऊतींसह काढून तपासला असता पूर्वी रोगग्रस्त असलेल्या मुळावर नवी जोडणी आढळली. एकाच दातावरील हे निरीक्षण एका नव्या उपचारपद्धतीचा पाया ठरले.

मार्गदर्शित ऊती पुनर्जनन

पटलाच्या साहाय्याने बंधातील पेशींना वाट मोकळी करून देण्याच्या पद्धतीला मार्गदर्शित ऊती पुनर्जनन असे म्हणतात. यान गॉटलो व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अनेक रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केल्यावर हे नाव रूढ झाले. सुरुवातीची पटले टेफ्लॉनच्या एका ताणलेल्या, सच्छिद्र प्रकारची होती. ती शरीरात विरघळत नसल्यामुळे चार ते सहा आठवड्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून काढावी लागत. त्याआधीच हिरडी मागे सरून पटल उघडे पडणे हा नेहमीचा त्रास होता. उघड्या पटलावर जिवाणू वसत आणि खाली तयार होणारी कोवळी ऊती वाया जाई. पुढे कोलॅजेन व पॉलिलॅक्टिक आम्लाची आपोआप विरघळणारी पटले आली. त्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया टळली, परंतु पटल खड्ड्यात कोसळू नये म्हणून खाली हाडाचे कण भरण्याची गरज वाढली.

चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या कॉक्रेन समीक्षेत, २००६ साली, केवळ हिरडी उचलून केलेल्या स्वच्छतेपेक्षा या पद्धतीने मिळणारा जोडणीतील अधिकचा लाभ सरासरी १.२ मिलिमीटर इतका आढळला. आकडा लहान दिसतो. मात्र सरासरीच्या मागे मोठी तफावत दडलेली असते. काही दातांत पाच-सहा मिलिमीटर लाभ होतो, तर काहींत जवळजवळ काहीच होत नाही.

अस्थिरोपण

हाड गेले तर हाड भरावे, ही कल्पना पटलांहून पुष्कळ जुनी आहे. १९२३ मध्ये हेगेडूस यांनी पायोरियाच्या रुग्णांच्या जबड्यात त्यांच्याच नडगीच्या हाडाचे तुकडे बसवल्याचे नोंदवले आहे. १९६० च्या दशकात रुग्णाच्या जबड्यातीलच हाडाचे कण वापरण्याची पद्धत रुळली. कमरेच्या हाडातील ताज्या मज्जेचे रोपणही करून पाहण्यात आले. तिने खड्डे उत्तम भरत, पण काही दातांची मुळेच झिजून जात. गोथेनबर्गच्या प्रयोगांनंतर या दुष्परिणामाचा अर्थ अधिक स्पष्ट झाला.

आज वापरले जाणारे पदार्थ रुग्णाच्या स्वतःच्या हाडाखेरीज तीन प्रकारचे आहेत: मानवी दात्याचे प्रक्रिया केलेले हाड, प्राण्यांचे, विशेषतः गोवंशीय, हाड आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीॲपेटाइट किंवा जैवसक्रिय काच यांसारखे कृत्रिम पदार्थ. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले असता तेथे नवे हाड तयार होते. त्यातूनच खनिजविरहित, शीतशुष्क मानवी हाड दंतोपचारात आले. १९८९ मध्ये बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी अशा हाडामुळे मानवी दातांभोवती खरे पुनर्जनन घडू शकते याचा सूक्ष्मदर्शकीय पुरावा दिला. कृत्रिम कणांबाबत मात्र अनेकदा असे आढळते, की ते खड्ड्यात जागा भरून राहतात, क्ष-किरण चित्रात हाडासारखे पांढरे दिसतात आणि प्रत्यक्षात तंतुमय ऊतीने वेढलेले असतात. चित्रात हाड ‘भरले’ असे सांगितले जाते तेव्हा ही शक्यता ध्यानात ठेवावी.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ऊतीपेढी १९८८ पासून दात्यांचे हाड व गर्भवेष्टन यांवर प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून रुग्णालयांना पुरवते. भारतात दातांभोवतीच्या अस्थिरोपणाचे जे अभ्यास झाले त्यांतील अनेकांत याच पेढीतील हाड वापरले गेले आहे. पदार्थाचा उगम मानवी, गोवंशीय की वराहाचा आहे, हा प्रश्न येथील अनेक रुग्णांच्या श्रद्धेशी निगडित असतो. त्यामुळे तो शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितला जाणे संमतीच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

दंतवल्क प्रथिने

वाढत्या दातात मुळाभोवती पेशींचे एक आवरण असते. या आवरणातून दंतवल्काशी संबंधित प्रथिने स्रवतात व त्यांच्या संपर्काने सिमेंटम निर्माण होण्यास चालना मिळते, असा विचार १९७० च्या दशकापासून मांडला जात होता. स्वीडनमधील लार्स हॅमारस्ट्रॉम यांनी त्यावरून सरळ निष्कर्ष काढला: दाताच्या वाढीत जे घडते त्याची नक्कल प्रौढ मुळावर करावी. डुकरांच्या विकसनशील दातांतून मिळवलेली ही प्रथिने, मुख्यतः ॲमेलोजेनिन, जेलच्या रूपात मुळावर लावली जातात. ‘एमडोगेन’ या नावाने ती १९९० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आली. पटल बसवण्याच्या तुलनेत हे जेल लावणे सोपे असल्याने त्याचा प्रसार वेगाने झाला. लाभाचे प्रमाण पटलाइतकेच, म्हणजे सरासरी सुमारे एक मिलिमीटर अधिक, असे दिसून येते. मूळ जैविक तर्काविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. मुळाच्या वाढीत ही प्रथिने नेमके काय करतात यावर एकमत झालेले नाही, मात्र उपचार म्हणून त्यांचा उपयोग चालूच आहे.

वृद्धिघटक आणि रक्तातील फायब्रिन

पेशींना हालचालीचा व विभाजनाचा संदेश देणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. रक्तबिंबिकांपासून मिळणारा एक वृद्धिघटक प्रयोगशाळेत तयार करून ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसह वापरण्यास अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. जपानमध्ये तंतुजनक पेशींच्या वृद्धिघटकावर आधारित औषधाला २०१६ मध्ये परवानगी देण्यात आली. हाडाची निर्मिती जोमाने घडवणाऱ्या अस्थिजनक प्रथिनांचा अनुभव उलट आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांच्यामुळे हाड भराभर वाढले, पण ते मुळाशी एकजीव झाले. बंधाशिवाय हाड मिळणे म्हणजे दाताच्या दृष्टीने एक नवे दुखणेच होय.

भारतात या गटातील सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे बिंबिकायुक्त फायब्रिन. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास विकसित झालेल्या या पद्धतीत रुग्णाचे स्वतःचे रक्त काढून लगेच अपकेंद्री यंत्रात फिरवतात आणि तयार झालेली जेलीसारखी गुठळी खड्ड्यात ठेवतात. बाहेरचा कोणताही पदार्थ लागत नाही व खर्च अल्प असतो. बंगळूरू येथील शासकीय दंत महाविद्यालयातून २०११ पासून याविषयीच्या अनेक चाचण्या प्रसिद्ध झाल्या. कप्प्याची खोली व क्ष-किरण चित्रातील हाड या दोन्हींत त्यांत सुधारणा नोंदवली गेली. मात्र फिरवण्याचा वेग व कालावधी यांत एकवाक्यता नसल्याने निरनिराळ्या ठिकाणच्या निष्कर्षांची तुलना करणे कठीण जाते.

पदार्थ की शस्त्रक्रिया?

चार दशके नवनवे पदार्थ येत राहिले. त्यांच्या गर्दीत एका साध्या गोष्टीकडे उशिराने लक्ष गेले. जखमेतील रक्ताची गुठळी मुळाला घट्ट चिकटून राहणे आणि वरची हिरडी न फाटता बंद राहणे, याखेरीज कोणताही पदार्थ काम करू शकत नाही. उल्फ विकेसो यांच्या प्रयोगांत मुळावर हेपारिन लावून गुठळी चिकटू दिली नाही, तेव्हा तेथे अभिस्तरच खाली उतरला. स्थिर गुठळी हीच जणू निसर्गाने दिलेली पहिली आडभिंत ठरते.

इटलीतील फ्लॉरेन्स येथील पिएरपाओलो कॉर्टेलिनी आणि मॉरिझिओ टोनेटी यांनी दोन दातांमधील हिरडीचे त्रिकोणी टोक अखंड राखणाऱ्या छेदपद्धती विकसित केल्या. पुढे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अगदी लहान छेद घेऊन, हे टोक न उचलताच, बाजूच्या खिडकीतून खड्डा स्वच्छ करण्याची पद्धत त्यांनी आणली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटात केवळ ही शस्त्रक्रिया, दुसऱ्यात तिच्या जोडीला दंतवल्क प्रथिने आणि तिसऱ्यात प्रथिने व हाडाचे कण दोन्ही वापरले. तिन्ही गटांतील लाभात लक्षणीय फरक आढळला नाही. गट लहान होते, त्यामुळे बारीक फरक लक्षात न येणे शक्य आहे. तरीही महागड्या पदार्थांच्या आवश्यकतेविषयी या निष्कर्षाने उपस्थित केलेला प्रश्न अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही.

कोणत्या दातांना उपयोग होतो

युरोपीय परिदंतशास्त्र महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्राथमिक उपचारांनंतरही खोल कप्पा उरलेला असून तीन मिलिमीटर किंवा त्याहून खोल अस्थिखड्डा असल्यास पुनर्जननाची शस्त्रक्रिया सुचवली जाते. खड्डा जितका खोल आणि अरुंद, तितका लाभ अधिक. क्ष-किरण चित्रात मूळ आणि खड्ड्याची भिंत यांच्यातील कोन २५ अंश किंवा त्याहून कमी असल्यास ३७ अंशांहून अधिक कोनाच्या तुलनेत सरासरी दीड मिलिमीटर जास्त जोडणी मिळते. ज्या दाढेची मुळे फाटतात त्या जागी हाड गेले असेल तर खालच्या दाढांच्या बाहेरील बाजूचा आंधळा बोगदा काही अंशी भरता येतो. बोगदा आरपार गेलेला असल्यास पुनर्जनन सहसा साध्य होत नाही.

धूम्रपानाचा परिणाम ठळक आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पटल-उपचारानंतर धूम्रपान न करणाऱ्यांना सरासरी ५.२ मिलिमीटर, तर करणाऱ्यांना २.१ मिलिमीटर लाभ झाला. महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रियांमध्ये, दात घासण्यासाठी मिश्री वापरण्याची सवय आढळते. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच असतो. अनेक जणी ती दिवसातून अनेकदा लावतात व तिला व्यसन न मानता स्वच्छतेचे साधन मानतात. त्यामुळे ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला नकार मिळतो. मिश्रीविषयी स्वतंत्रपणे विचारावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्या जागी घासणे टाळून क्लोरहेक्सिडीनने चूळ भरावी लागते. नव्या जोडणीला धक्का लागू नये म्हणून पहिले काही महिने तेथे सळईने मोजमापही करत नाहीत. अंतिम परिणाम साधारण वर्षभराने पाहतात. त्यापुढे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी व स्वच्छता चालू राहिली नाही तर मिळवलेली जोडणी पुन्हा गमावली जाते.

या उपचारांचे खरे मोल दात काढावा की ठेवावा या निर्णयाच्या वेळी कळते. कॉर्टेलिनी आणि सहकाऱ्यांनी, ज्यांचा आधार मुळाच्या टोकापर्यंत गेला होता असे दात असलेल्या ५० रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटातील दात काढून तेथे कृत्रिम दात बसवले. दुसऱ्या गटातील २५ दातांवर पुनर्जननाची शस्त्रक्रिया केली. पाच वर्षांनी या २५ पैकी २३ दात जागेवर होते. दहा वर्षांनीही हे प्रमाण ८८ टक्के राहिले. हे रुग्ण काटेकोरपणे निवडलेले आणि अत्यंत कुशल हातांनी उपचार केलेले होते, हे खरे आहे. तरीही हलणारा प्रत्येक दात काढण्याच्याच लायकीचा असतो, हा समज या निष्कर्षापुढे टिकत नाही.

हिरडीचे आच्छादन

हाडाबरोबर हिरडीही खाली सरकते व मूळ उघडे पडते. जोराने घासल्यामुळे सरकलेली, परंतु दातांमधील हाड शाबूत असलेली हिरडी शस्त्रक्रियेने बऱ्याचदा पूर्ण वर आणता येते. त्यासाठी टाळूच्या आतील संयोजी ऊतीचा पातळ तुकडा मुळावर ठेवून हिरडी त्यावर ओढून शिवतात. ही पद्धत लँगर आणि लँगर यांनी १९८५ मध्ये वर्णिली. पायोरियामुळे दातांमधील हाडच गेले असल्यास इतके यश येत नाही. दोन दातांमधील हिरडीचे टोक तर पूर्णपणे हाडाच्या उंचीवर अवलंबून असते. टार्नो व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मोजले, की दातांचा स्पर्शबिंदू व हाड यांतील अंतर पाच मिलिमीटरपर्यंत असेल तर हे टोक जवळजवळ नेहमी जागा भरते; सहा मिलिमीटरला ते ५६ टक्के आणि सात मिलिमीटरला २७ टक्के ठिकाणीच भरते. उरलेल्या ठिकाणी काळा त्रिकोण दिसतो.

मूलपेशी आणि त्रिमितीय आधारजाळी

२००४ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी काढलेल्या अक्कलदाढांच्या परिदंत बंधातून मूलपेशी वेगळ्या केल्या. त्यांपासून सिमेंटमसारखी आणि बंधासारखी ऊती निर्माण होऊ शकते, असे उंदरांवर दिसून आले. मेल्चर यांनी तर्काने सुचवलेल्या पेशी आता प्रत्यक्ष हाती आल्या होत्या. जपानमध्ये रुग्णाच्याच बंधातील पेशींची पातळ चादर वाढवून ती मुळावर चढवण्याचा उपचार दहा रुग्णांवर करण्यात आला. २०१८ मधील अहवालानुसार तो सुरक्षित आढळला. चीनमधील शीआन येथील चाचणीत मात्र, २०१६ मध्ये, मूलपेशी व गोवंशीय हाड यांची तुलना केवळ गोवंशीय हाडाशी केली असता दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही.

रुग्णाच्या खड्ड्याच्या आकारानुसार त्रिमितीय मुद्रणाने बनवलेली आधारजाळी प्रथमच एका रुग्णात बसवल्याचा वृत्तांत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर ती नीट राहिली. तेराव्या महिन्यात हिरडी उघडून जाळी बाहेर दिसू लागली आणि ती काढावी लागली. पॉलिकॅप्रोलॅक्टोनची ती जाळी नव्या ऊतीच्या वाढीच्या मानाने फारच सावकाश विरघळत होती.

स्वच्छतेविषयीचा गैरसमज

कीटण काढल्याने दात ढिले होतात व दातांत फटी पडतात, हा समज महाराष्ट्रात दृढ आहे. आधार नष्ट झालेले दात काही वेळा जाड कीटणाच्या थराने एकमेकांना जखडलेले असतात. थर निघाल्यावर त्यांची हालचाल आणि आधीच गेलेल्या हिरडीची रिकामी जागा उघड होते. हाड त्या दिवशी गेलेले नसते. ते कीटणाखाली अनेक वर्षे जात असते. पुनर्जननाच्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी हीच स्वच्छता करावी लागते. दोन-तीन महिन्यांनी सूज उतरल्यावर पुन्हा मोजमाप घेतले असता अनेक कप्पे शस्त्रक्रियेविनाच पुरेसे उथळ झालेले आढळतात.